मोडलेलें यंत्र आणि शिकलेला हात

कलावंताच्या हातून त्याचें साधन निसटून पडावें, ही गोष्ट कलेइतकीच जुनी आहे. चित्रकाराचा कुंचला खालीं पडला तर तो पुसून पुन्हां हातीं घेतां येतो. गवयाच्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर तो मिरजेच्या कारागिराकडे न्यावा, म्हणजे कांहीं दिवसांनीं तंबोरा पुन्हां बोलूं लागतो. मूर्तिकाराची छिन्नी बोथट झाली तर आळींतला लोहार तिला धार लावून देतो. या सर्व साधनांचे वैद्य गांवांत किंवा शेजारगांवीं असतात, आणि म्हणूनच त्यांच्या मोडण्याची भीति कोणी फारशी बाळगीत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशांत एक असें साधन आलें कीं, ज्याचा वैद्य समुद्रापलीकडे राहात होता. तें साधन म्हणजे चलच्चित्रें घेणारा कॅमेरा. तो महाग होता, नाजूक होता, आणि एकदां मोडला तर त्याच्याबरोबर सगळा धंदाच मोडून पडे. या अडचणीला कोल्हापूर शहरानें जें उत्तर दिलें, तें महाराष्ट्राच्या चित्रपटांच्या इतिहासांत फार मोलाचें आहे. पण त्या उत्तराचें मोल कळावयाचें, तर अडचण काय होती हें आधीं नीट पाहिलें पाहिजे.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे बाहेरून पाहिल्यास एक साधी लाकडी पेटी. पुढें एक भिंग, बाजूला फिरविण्याचा दांडा, आणि खालीं तिपाई. आंत मात्र घड्याळासारखी रचना असे. कोऱ्या फिल्मची गुंडाळी एका बंद डबींतून निघे, दांतेरी चाकावरून पुढें सरके, भिंगामागच्या छोट्या चौकोनी खिडकीपाशीं क्षणभर थांबे आणि दुसऱ्या डबींत जाऊन गुंडाळली जाई. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोंकें असत. एक लहानसा आंकडा त्या भोंकांत शिरून फिल्मला एक चित्र खालीं ओढी, मग बाहेर पडून पुन्हां वर जाई. फिल्म सरकत असेल तेवढा वेळ एक फिरती झडप प्रकाश अडवून धरी; फिल्म थांबली कीं झडप उघडे. दांड्याच्या एका फेऱ्यांत आठ चित्रें उमटत, आणि सेकंदाला दोन फेरे हा कॅमेरेवाल्यांचा सामान्य नेम असे. म्हणजे एका सेकंदांत सोळा चित्रें, आणि एका फूट फिल्मवरहि सोळाच चित्रें. हात, आंकडा, झडप आणि फिल्म या चौघांचा मेळ सेकंदाला सोळा वेळां जुळावा लागे. तबलजीनें सम चुकविली तर ऐकणारा मान हलवावयाचें थांबतो. येथें सम चुकली तर फिल्म फाटे.

असें यंत्र हातून पडलें तर काय होतें? पेटीचा कोपरा तुटला तर तो डोळ्यांना दिसतो आणि सुतार तो बसवून देतो. खरें नुकसान असतें तें न दिसणारें. भिंग आणि फिल्म यांमधील अंतर एक दशांश मिलिमीटरनें, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकें जरी बदललें, तरी चित्राची रेखा पुसट होऊं लागते. खिडकीची चौकट किंचित् तिरपी झाली तर चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धुरकट येते. आंकड्याला केसभर बांक आला तर प्रत्येक चित्र आपल्या जागेवर न बसतां थोडें वर किंवा थोडें खालीं बसतें. पेटीला बारीकशी चीर पडली तर तीमधून उजेड आंत शिरतो आणि फिल्मवर काळे पट्टे उठतात. फिल्मवरचें मूळ चित्र अवघें पंचवीस मिलिमीटर रुंद. पांच मीटर रुंदीच्या पडद्यावर तें दोनशें पट मोठें होऊन पडतें. म्हणजे यंत्रांतील एक दशांश मिलिमीटरची थरथर पडद्यावर वीस मिलिमीटरची होते, आणि शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकालाहि राजाचा मुकुट नाचतांना दिसतो.

याहून वाईट गोष्ट ही कीं, हा दोष कॅमेरा चालवितांना कळत नसे. दांडा पूर्वीसारखाच फिरे, आवाज पूर्वीसारखाच येई, नट आपलें काम मनापासून करीत. फिल्म अंधाऱ्या खोलींत धुवून काढल्यावरच काय झालें तें समजे. तोंवर देखावा मोडलेला असे, भाड्यानें आणलेले घोडे परत गेलेले असत, आणि ऊन मावळलेलें असे. तोफ फुटली तर ती निदान आवाज करून फुटते. कॅमेरा मुकाट्यानें बिघडतो. म्हणून कॅमेरेवाल्याच्या अंगीं हातापेक्षां संशय अधिक तीक्ष्ण असावा लागतो. धक्का बसल्याबरोबर काम थांबवून, दोन-चार फूट फिल्म घेऊन ती धुवून पाहणें, हाच त्यावरचा एक खात्रीचा उपाय होता.

आतां किंमतीचा विचार करूं. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं इ. स. १८९६ मध्यें वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें पाहिलीं, आणि पुढें २१ गिनी देऊन इंग्लंडाहून कॅमेरा मागविला. १८९९ सालीं त्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्र घेतलें. १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले त्या स्वागताचेंहि घेतलें. दादासाहेब फाळके १९१२ सालीं स्वतः लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा सुमारें ५० पौंडांस घेऊन आले. या प्रवासासाठीं व धंद्यासाठीं त्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, आणि पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेहि या कामीं खर्चीं पडले. कोऱ्या फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र त्यांनीं बरोबर आणलें होतें, कारण तें काम घरींच रात्रीच्या अंधारांत करावें लागे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला, त्यामागें घरांतलें एकुलतें एक यंत्र होतें. तें हातून पडतें, तर दुसरें आणावयास पुन्हां बोट, पुन्हां कर्ज आणि पुन्हां दागिने! त्यांतच १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि युरोपांतून येणारा माल दुर्मिळ झाला. मग पैसा असला तरी यंत्र मिळण्याची खात्री उरली नाहीं.

याच सुमारास कोल्हापुरांत दोघे चित्रकार या यंत्राच्या मागें लागले होते. बाबूराव कृष्णराव मिस्त्री आणि त्यांचे नात्यानें बंधु आनंदराव मिस्त्री हे ते दोघे होत. नाटकमंडळ्यांसाठीं पडदे रंगविण्यांत त्यांचा हातखंडा होता, आणि या धंद्यावरूनच ‘पेंटर’ हें नांव त्यांना कायमचें चिकटलें. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. त्यांचे वडील कृष्णराव हे सुतारकाम, कोरीव काम अशा अनेक हस्तकलांत निपुण होते. चित्रकला बाबूराव कोणत्याहि शाळेंत न जातां शिकले. कोल्हापुरांत तेव्हां शाहू छत्रपतींची कारकीर्द होती. कुस्ती, गायन, नाटक आणि चित्रकला यांना दरबारचा आश्रय होता. कारागिराला काम मिळे आणि कामाला पाहणारा मिळे. अशा वातावरणांत ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून या दोघांना चलच्चित्रांचा ध्यास लागला. मुंबईच्या चोरबाजारांतून त्यांनीं चित्रें दाखविण्याचें एक जुनें यंत्र विकत आणलें, कांहीं काळ खेळ करून पाहिले, आणि चित्रें दाखवितां दाखवितां तीं घेण्याचें यंत्र आपणच बनवावें हा विचार आनंदरावांच्या मनांत पक्का झाला.

चित्रें दाखविण्याचें यंत्र आणि चित्रें घेण्याचें यंत्र यांत नातें जवळचें आहे. दोहोंतहि फिल्म थांबत थांबत पुढें सरकते, दोहोंतहि झडप असते. एकांत प्रकाश बाहेर जातो तर दुसऱ्यांत आंत येतो. ज्यानें एक यंत्र खोलून त्याचे भाग ओळीनें मांडले आणि पुन्हां जुळविले, त्याला दुसऱ्याचें मर्म कळावयास वाट मोकळी होते. जुना माल विकत घेण्याचा हा एक मोठा लाभ असतो. नव्या कोऱ्या यंत्राला स्क्रू-पाना लावण्याचें धैर्य सहसा होत नाहीं. चोरबाजारांतून आणलेलें यंत्र मात्र खोलल्यावांचून चालतच नाहीं. दारिद्र्य हा चांगला गुरु आहे असें म्हणणें सोपें आहे. पण येथें त्यानें खरोखरच शिकविलें.

परंतु काम अर्धवट असतांनाच १९१६ सालीं आनंदराव वारले. या साऱ्या हकीगतींत खरा आघात कोणता असेल, तर तो हा. यंत्र पडून फुटलें असतें तर तें पुन्हां जुळविणारा माणूस जिवंत होता. येथें जुळविणाराच गेला आणि तुकडे मागें राहिले. ज्याच्या डोक्यांत सारा आराखडा आहे असा माणूस निघून गेला म्हणजे मागें राहिलेल्या पितळेच्या चाकांना मोडीच्या भावापलीकडे किंमत राहात नाहीं. बाबूराव प्रथम चित्रकार, यंत्रकार मागाहून. पण तीं चाकें त्यांनीं बाजूला ठेवलीं नाहींत. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य व सहकारी त्यांच्या मदतीला होते. पेणहून आलेल्या या तरुणाला यंत्राची उपजत जाण होती. दोघांनीं मिळून खटपट चालविली, आणि १९१८ सालीं चालणारा कॅमेरा तयार झाला. भिंग आणि कोरी फिल्म या वस्तु कोणत्याहि घरगुती कारखान्यांत होण्यासारख्या नव्हत्या. बाकी पेटी, चाकें, आंकडा, झडप हें मात्र हाताच्या आटोक्यांतलें काम होतें, आणि तें कोल्हापूरच्या हातांनीं केलें.

या गोष्टीची थोरवी कित्येकदां चुकीच्या जागीं शोधली जाते. विलायती यंत्रासारखें यंत्र आम्हींहि केलें, एवढ्यावर समाधान मानणें म्हणजे अर्ध्या वाटेवरून परत फिरणें होय. नक्कल करणें हा पहिला लाभ. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. ज्यानें आंकडा स्वतः कानशीनें घांसून बसविला आहे, त्याला तो वांकडा झाल्याची खूण कोणी सांगावी लागत नाहीं. झडप अडखळली तर तिचा आवाजच त्याला कारण सांगतो. विकत घेतलेलें यंत्र पडतें तेव्हां मालकाचे पैसे पडतात. आपण घडविलेलें यंत्र पडतें तेव्हां फक्त काम वाढतें. कर्ज आणि काम यांत जें अंतर आहे, तेंच या दोन यंत्रांत होतें.

तथापि यंत्रानें चित्रपट होत नाहीं, त्याला भांडवल लागतें. तें उभें राहिलें कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांच्या साहाय्यानें. उस्ताद अल्लादियाखां यांच्या तालमींत तयार झालेल्या या बाईंनीं आपल्या गळ्याची कमाई दुसऱ्याच्या कलेवर लावली, हें विसरतां कामा नये. १९१७ च्या अखेरीस स्थापन झालेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें घरीं घडविलेल्या या कॅमेऱ्यानें ‘सैरंध्री’ हा मूकपट तयार केला, आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजीं तो पुण्याच्या आर्यन सिनेमांत लागला. झुंझारराव पवार हे त्यांत कीचक आणि बाळासाहेब यादव हे भीम झाले होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या होत्या. भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध इतका खरा वाटला कीं, पुढें सरकारी परीक्षकांनीं त्याला हरकत घेतली. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. पदवी मिळाली ती चित्राला. पण त्या चित्रांतील मल्लयुद्ध पडद्यावर न थरथरतां दिसलें, याचें श्रेय पेटींतल्या त्या इवल्याशा आंकड्यालाहि आहे.

यापुढील दहा वर्षें ही कंपनी म्हणजे चित्रपटकलेची एक पाठशाळाच होती. विष्णुपंत दामले आणि एस्. फत्तेलाल हे तिचे आधारस्तंभ; १९२० सालीं शांताराम वणकुद्रे हा तरुण पडेल तें काम करण्याच्या बोलीवर तेथें दाखल झाला. येथें नट रंग कालवीत, चित्रकार भूमिका करीत, आणि सर्वजण सामान उचलीत. वर कांच व पडदे असलेल्या मांडवांत सूर्यप्रकाशावर काम चाले. १९२३ सालच्या ‘सिंहगड’ या चित्रपटांत रात्रीच्या देखाव्यांसाठीं कृत्रिम दिव्यांचा उपयोग करून बाबूरावांनीं सूर्यावरचें अवलंबनहि कमी केलें. १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ आला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट शेतकऱ्याच्या कर्जाची व्यथा सांगणारा होता. कॅमेरा आतां मांडवांतून निघून उन्हातान्हांत, धुळींत आणि दगडधोंड्यांत हिंडूं लागला. तिपाईचा एक पाय सैल मातीवर असणें, घोड्यांच्या टापांखालून धूळ उडणें, वळवाच्या पावसाचा थेंब भिंगावर पडणें, हे प्रसंग या धंद्यांत रोजचे. अशा वेळीं कॅमेऱ्याजवळ यंत्राचें पोट जाणणारा माणूस असणें हाच खरा विमा असतो.

हा अनुभव केवळ कोल्हापूरचा नाहीं. जगांत इतरत्रहि चित्र घेणाऱ्यांना हीच परीक्षा द्यावी लागली. फ्रँक हर्ली हा ऑस्ट्रेलियाचा छायाचित्रकार शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंत होता. १९१५ सालीं त्यांचें ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फांत सांपडून चिरडलें गेलें. कांचेच्या शेंकडों प्लेटा बर्फावरून ओढून नेणें अशक्य होतें. हर्ली आणि शॅकल्टन यांनीं बर्फावर बसून एकेक प्लेट पाहिली. सुमारें १२० ठेवल्या आणि सुमारें ४०० तेथेंच फोडून टाकल्या, कारण त्या शाबूत राहिल्या असत्या तर परत येऊन नेण्याचा मोह झाला असता. मोठा कॅमेराहि त्यांनीं टाकला. खिशांतला एक लहान कॅमेरा आणि फिल्मचीं तीन रिळें एवढेंच हर्लीजवळ उरलें. जें वांचवितां येत नाहीं तें ओळखणें हेंहि एक शहाणपण आहे, आणि तें फार महाग मिळतें.

दुसरें उदाहरण अमेरिकेच्या रॉबर्ट फ्लाहर्टीचें. उत्तर कॅनडांतील इनुइट लोकांमध्यें राहून त्यानें पुष्कळ चित्रण केलें होतें. १९१६ सालीं टोरोंटो येथें फिल्म जुळवीत असतां त्याच्या हातांतली जळती सिगारेट खालीं पडली, आणि ३०,००० फूट निगेटिव्ह पाहतां पाहतां जळून गेली. पडलेली वस्तु दोन दमड्यांची. गेलेली वस्तु कित्येक वर्षांच्या मेहनतीची! एक प्रत वांचली होती, परंतु ती त्याला समाधानकारक वाटेना. १९२० सालीं तो पुन्हां उत्तरेस गेला, पुन्हां सारें चित्रण केलें, आणि १९२२ सालीं ‘नॅनुक ऑफ द नॉर्थ’ हा जगप्रसिद्ध चित्रपट लोकांसमोर आला. या दुसऱ्या खेपेस त्याच्या इनुइट साथीदारांनीं कॅमेरा खोलणें, पुसणें आणि पुन्हां जुळविणें ही विद्या आत्मसात् केली होती. ज्या लोकांनीं पूर्वीं असें यंत्र पाहिलेंहि नव्हतें, त्यांचे हात हाडांचीं आणि कातड्यांचीं हत्यारें करण्यांत तयार झालेले होते; म्हणून यंत्र त्यांना परकें वाटलें नाहीं. कोल्हापूरचे मिस्त्री आणि ध्रुवप्रदेशांतले हे शिकारी यांची भेट कधीं झाली नाहीं. पण दोघांचा धडा एकच होता.

बाबूरावांच्या कंपनींतही पुढें एक फूट पडली, आणि ती यंत्रांतली नव्हती. १ जून १९२९ रोजीं दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुळकर्णी यांनीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शिष्य निघून गेले म्हणजे गुरूच्या घरीं हत्यारें राहातात, पण हात राहात नाहींत. लवकरच बोलपटांचा काळ आला. १९३१ सालीं हिंदुस्थानांत पहिला बोलपट लागला, आणि जे कॅमेरे कालपर्यंत उत्तम होते ते एका रात्रींत अडगळ झाले. कारण त्यांचा खडखडाट आतां नटाच्या बोलण्याबरोबर ध्वनिफितीवर उमटूं लागला. कॅमेरा न पडतां, न फुटतां निकामी होण्याचा हा एक निराळाच प्रकार. महाराष्ट्र फिल्म कंपनी या बदलांत टिकली नाहीं. प्रभात मात्र टिकली. दामले यांनीं ध्वनिमुद्रणाची बाजू हातीं घेतली, आणि १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरांतच तयार झाला. पुढच्या वर्षीं प्रभात पुण्यास गेली. ज्या हातांनीं १९१८ सालीं झडप आणि आंकडा जुळविला होता, तेच हात चौदा वर्षांनीं ध्वनियंत्र हाताळीत होते. यंत्र बदललें, हाताला लागलेलें वळण कायम राहिलें. त्याच दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत गौरविला गेला.

कोल्हापुरांतील चित्रपटांच्या साधनांवर सर्वांत मोठा घाला मात्र पुढेंच पडावयाचा होता. १९३३ सालीं राजाराम महाराजांच्या आश्रयानें कोल्हापूर सिनेटोन निघाली. पुढें हा स्टुडिओ भालजी पेंढारकर यांच्याकडे आला आणि ‘जयप्रभा’ या नांवानें प्रसिद्ध झाला. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलींत जयप्रभा स्टुडिओला आग लावण्यांत आली. देखावे, सामान आणि ‘मीठभाकर’ या चित्रपटाची निगेटिव्ह जळून गेली. हातून वस्तु पडणें हा अपघात असतो आणि त्यांत कोणाचा द्वेष नसतो. ही मोडतोड माणसांनीं जाणूनबुजून केलेली होती, आणि म्हणून तिचा घाव खोल होता. भालजींनीं स्टुडिओ पुन्हां उभा केला, ‘मीठभाकर’ पुन्हां चित्रित केला, आणि १९४९ सालीं तो प्रदर्शित झाला. पुढें त्यांना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. आग लावणाऱ्यांना इमारत जाळतां आली. कथा, कसब आणि कामाची ओढ जाळतां आली नाहीं.

पण ही सांत्वना पुरी पडत नाहीं. कारण सारेंच पुन्हां करतां येत नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती जळूं लागली कीं स्वतःच्या पोटांतूनच प्राणवायु पुरविते; पाण्यांत बुडविली तरी विझत नाहीं. आग न लागली तरी उष्ण आणि दमट हवेंत ती चिकट होते आणि शेवटीं तिची तपकिरी भुकटी उरते. कोडॅक कंपनीनें ही फिल्म करणें १९५१ सालीं थांबविलें. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास प्रभातच्याच जुन्या आवारांत असलेल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि आरंभीच्या काळचा पुष्कळ ठेवा नष्ट झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकीं आज ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांसारख्या १९२७ सालच्या चित्रपटांचे तुटक अंश तेवढे उरले आहेत. ज्या ‘सैरंध्री’ला लोकमान्यांनीं दाद दिली, ती ‘सैरंध्री’ आज कोणालाहि पाहतां येत नाहीं. जें यंत्र मोडण्याची सर्वांना धास्ती होती, तें पुन्हां घडवितां येण्यासारखें होतें. ज्या फिल्मच्या गुंडाळ्या काम झाल्यावर कपाटांत टाकून दिल्या, त्यांना मात्र दुसरा जन्म नव्हता. आपली काळजी चुकीच्या वस्तूवर खर्च झाली, हा या इतिहासाचा कडू निष्कर्ष आहे.

घरोघरच्या व्यवहारांतहि हेंच घडतें. आज मुलाच्या हातून महागडा कॅमेरा पडला तर घरांत हलकल्लोळ होतो, आणि तो अगदींच अकारण असतो असें नाहीं. कारण किंमत मोठी असते आणि दुरुस्तीवाला म्हणतो कीं, नवा घेणेंच परवडेल. आजच्या कॅमेऱ्याचें पोट उघडून पाहण्याची सोय आपल्याला उरलेली नाहीं. परंतु त्याच घरांत आजोबांच्या लग्नाचीं चित्रें ओल आलेल्या भिंतीलगतच्या ट्रंकेंत एकमेकांना चिकटून पडलेलीं असतात, त्यांच्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. यंत्राला बाजारांत किंमत असते म्हणून त्याच्या पडण्याचा आवाज मोठा होतो. चित्राला बाजारांत किंमत नसते म्हणून तें मुकाट्यानें विरून जातें.

कोल्हापुरांत खरी कॉर्नर येथें, बाबूरावांच्या कॅमेऱ्याची प्रतिकृति असलेला एक स्तंभ उभा आहे. शहरें राजांचे पुतळे उभारतात, वीरांचे उभारतात. एका यंत्राला असा मान देणारें शहर विरळा. तो मान पितळेच्या पेटीचा मानला तर तो अपुरा होईल. एका भावानें जें काम अर्धें टाकून जग सोडलें, तें दुसऱ्यानें शिष्याच्या मदतीनें पुरें केलें. तें शिकलेले शिष्य दुसऱ्या गांवीं जाऊन आणखी शिकले. आणि जळलेल्या जागेवर त्याच गांवच्या एका माणसानें पुन्हां पहिल्यापासून काम मांडलें. हा मान या परंपरेचा आहे. बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजीं वारले. त्यांच्या मागें उरलेल्या चित्रांची संख्या थोडी, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांची संख्या मोठी. यंत्र हातून पडूं नये म्हणून जपावें हें खरेंच. पण पडलें तर उचलून कोठें काय बिघडलें हें पाहणारा हात गांवांत असावा, आणि त्या यंत्रानें टिपलेलें चित्र यंत्राहून अधिक जपून ठेवणारें कपाटहि असावें. यांपैकीं पहिली गोष्ट कोल्हापुरानें साधली होती. दुसरी मात्र कोल्हापुरालाच काय, साऱ्या देशालाच पुष्कळ उशिरां सुचली.